आईचा संधिवात: महागडं इंजेक्शन सुरू करावं की जुन्याच गोळ्यांवर राहावं?

निनाद_भांडुप

नमस्कार मंडळी. विषय आईचा आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ५७ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी हाताची बोटं आणि मनगटं सुजायला लागली. रक्त तपासलं तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची १५ मिलिग्रॅमची एक गोळी, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. पहिलं वर्ष छान गेलं. गेलं दीड वर्ष मात्र पुन्हा पहिले पाढे. सकाळी दोन-दोन तास हात उघडत नाहीत. पोळ्या बाबा लाटतात, आणि त्या कशा होतात ते विचारू नका.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता पुढची पायरी चढायला हवी. अ‍ॅडालिमुमॅब नावाचं इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी, नाहीतर टोफासिटिनिबची गोळी दिवसातून दोनदा. घरी विचार करून सांगा म्हणाले. येताना केमिस्टकडे चौकशी केली. इंजेक्शन एकाला नऊ हजार, म्हणजे महिन्याला १८,०००. टोफाच्या गोळ्या महिन्याला दोन हजारांच्या आसपास. सध्याचं सगळं मिळून ५०० च्या आत बसतं. माझ्या हातात ४६ हजार येतात, त्यातले १९ घराच्या हप्त्याला. बाबा निवृत्त.

मला साधं कळत नाहीये: १८ हजारांचं औषध ५०० रुपयांच्या औषधापेक्षा ३६ पट चांगलं असतं का? ज्यांनी दोन्ही घेतलंय त्यांनी सांगा.

ता.क. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, कल्याणच्या पुढे एक जण पुड्या देतो, आठ दिवसांत सूज गायब. आईचं मन तिकडे ओढ घेतंय.

दादरकर_७१

निनाद, एवढ्या जड औषधांच्या नादी लागू नका. आमच्या सौ.चे गुडघे दुखायचे, जिना उतरताना रडायची. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या सुरू केल्या. एक गोळी अठरा रुपयांना पडते, पण आता रोज सकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारते. आईंना ते देऊन बघा. बाकी हल्लीचे डॉक्टर... असो.

परळचा_केमिस्ट

काका, राग मानू नका, पण काकूंचे गुडघे आणि निनादच्या आईची बोटं ही दोन वेगळी दुखणी आहेत. काकूंच्या गुडघ्यात कूर्चा झिजली आहे. निनादच्या आईच्या बाबतीत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उठली आहे. दोन्ही दुखण्यांना आपण संधिवातच म्हणतो, घोळ तिथे होतो. आणि ग्लुकोसामाइन गुडघ्यालाही कितपत लागू पडतं हा प्रश्नच आहे. २००६ साली अमेरिकेतली १,५८३ लोकांवरची चाचणी छापून आली, त्यात एकंदर निकाल बघता ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मी ते विकतो, त्यात मार्जिनही बरं सुटतं, तरी सांगतोय. काकूंना गुण आला तो बहुधा त्या शिवाजी पार्कच्या फेरीचा.

निनाद, तुम्हाला सांगितलेला भाव शेवटचा समजू नका. या इंजेक्शनांच्या खोक्यावरची एमआरपी आणि गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पडणारी किंमत यांत बरीच तफावत असते. अ‍ॅडालिमुमॅबचं मूळ औषध परदेशी. त्याच धर्तीवर दुसऱ्या कंपनीने बनवलेलं, ज्याला बायोसिमिलर म्हणतात, ते जगात सगळ्यात आधी आपल्याकडेच बाजारात आलं. डिसेंबर २०१४, अहमदाबादची झायडस कॅडिला, आणि किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाला. नंतर आणखी कंपन्या उतरल्या. तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा आणि कंपनीची पेशंटसाठी काही सवलत योजना आहे का ते डॉक्टरांच्या असिस्टंटला विचारा, त्यांना माहीत असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही बिलात दिसायला हवा. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात एक चक्कर टाका.

इंजेक्शन घ्यायचं ठरलंच तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. बर्फाच्या पिशवीतून घरी न्यायचं, पण फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. गोठलं की नऊ हजार पाण्यात. एका गिऱ्हाइकाने मच्छीच्या डब्याशेजारी फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, त्यांचा चेहरा अजून आठवतो.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. आम्ही पाकिटावर लाल पेनाने वार लिहून देतो.

वहीवाली

निनाद, माझा धाकटा तुझ्याच वयाचा असेल, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

मी गिरगावात राहते. लोअर परळच्या एका छापखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिले. हा आजार मला २००६ च्या जूनपासून, तेव्हा मी ४४ ची होते. हिशेबाची खोड, म्हणून दुखण्याचीही वही घातली. सध्या चौथी चालू आहे. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर हात.

हात म्हणजे सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत लागलेली मिनिटं. डॉक्टर रक्तातली ईएसआर, सीआरपी ही सुजेची मापं बघतात, ते बघावंच लागतं. पण चर्नी रोडला गाडीत चढताना मधली दांडी पकडता येते की नाही, यावर माझी नोकरी होती, म्हणून माझं माप हे. बाकी बारीकसारीक नोंदी समासात: नळाची तोटी फिरली, निऱ्या जमल्या, डब्याचं झाकण ह्यांना उघडायला दिलं.

तुझ्या ३६ पटीचं उत्तर माझ्या वहीत आहे, पण ते एका ओळीचं नाही, तेव्हा जरा बस.

पहिले आठ महिने मी आमच्या वाडीजवळच्या एका डॉक्टरांच्या वेदनाशामक गोळ्यांवर काढले. डावं पान: महिना १२० रुपये. उजवं पान: १८०, २००, २१०. गोळी घेतली की दोन-तीन तास बरं वाटायचं, म्हणून मला ते औषध लागू पडतंय असंच वाटत होतं. आत झीज चालू होती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या आठ महिन्यांत वाकडं झालं, ते पुढे कुठल्याच औषधाने सरळ झालं नाही. १२० रुपयांचा हा काळ मी माझ्या सगळ्या हिशेबात सर्वांत महाग धरते.

मार्च २००७ मध्ये केईएम हॉस्पिटलला गेले. तिथे मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आमच्या ह्यांनी पाकिटातला कागद वाचला आणि हे कॅन्सरचं औषध आहे म्हणून घरात नुसता गोंधळ. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कॅन्सरला देतात ती मात्रा कितीतरी मोठी असते, तुम्हाला आठवड्याला देतोय ती त्यापुढे चिमूटभर. आणि या औषधामागे आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचं काम आहे, हेही त्यांनीच सांगितलं. ओपीडीत एवढी गर्दी असताना का सांगितलं देव जाणे, पण ह्यांची भीती त्या नावाने गेली.

आठ दिवसांत फरक दिसेल अशी माझी समजूत. कसलं काय. दर महिन्याला रक्त तपासायचं, पेशी आणि लिव्हर बघायचं, आणि मूठ जिथल्या तिथे. तोवर आधाराला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड थोडं दिलं होतं, ते हळूहळू काढून घेतलं. बाराव्या आठवड्यात वहीत ४० लिहिलं. १९० वरून ४०. डावं पान २०० रुपये.

त्यावर आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर सात वर्षं सरळ गेली. २०१४ च्या पावसाळ्यात आकडा ९० वर गेला. इंजेक्शनाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण आमच्या डॉक्टरांनी आधी सल्फासॅलाझीन जोडलं. म्हणजे तीन गोळ्यांचा मेळ. त्यांनी मागच्या वर्षीच छापून आलेल्या एका अमेरिकन चाचणीचं सांगितलं: मेथोट्रेक्सेट एकट्याने भागत नव्हतं अशी ३५३ माणसं घेतली. निम्म्यांना ह्या तीन गोळ्या, निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आणि एटानरसेप्टचं महाग इंजेक्शन. कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नाही. २४ आठवड्यांनी ज्यांना गुण नाही त्यांची अदलाबदल केली. दोन्ही गटांत अदलाबदल करावी लागली ती सारख्याच, २७ टक्के लोकांची. आणि ४८ आठवड्यांनी दोन्हींकडची सुधारणा जवळपास एकच. मला ते २७ आवडले. म्हणजे गोळ्यांनी हटत नाही अशी माणसं असतात, तशी इंजेक्शनाने हटत नाही अशीही असतात, आणि आपण कुठल्या गटातले हे घेतल्याशिवाय कळत नाही.

माझा आकडा तीन महिन्यांत ९० वरून २५ वर आला. डावं पान ९०० रुपये. सल्फासॅलाझीनने पहिले पंधरा दिवस पोट ढवळायचं आणि लघवी पिवळीजर्द व्हायची. घाबरू नका म्हणून आधीच सांगितलं होतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हे औषध चालत नाही.

२०१८ च्या दिवाळीत मात्र सगळं विस्कटलं. १५०. दोन्ही मनगटं आणि आता गुडघेही. करंज्यांना मुरड घालता येईना, सुनेने घातली, छान घातली, तरी मी आत जाऊन रडले. मेथोट्रेक्सेट वाढवून झालं, गोळीऐवजी तेच इंजेक्शनातून घेऊन झालं. तेव्हा अ‍ॅडालिमुमॅबवर आलो. पण लगेच नाही. आधी छातीचा एक्स-रे आणि मांटू, म्हणजे टीबीसाठी हातावर टोचून करतात ती चाचणी. मांटू फुगली. ही इंजेक्शनं प्रतिकारशक्तीचा जो धागा कापतात, त्यानेच शरीरात झोपलेला टीबी दाबून धरलेला असतो. डॉक्टर म्हणाले, मुंबईत जन्म काढलाय, मांटू फुगली यात नवल नाही. मग टीबीची प्रतिबंधक गोळी सुरू, आणि ती महिनाभर घेतल्यावर जानेवारी २०१९ मध्ये पोटावर पहिलं इंजेक्शन. गोळी पुढेही चालूच.

आता ऐक. दुसऱ्या इंजेक्शनानंतर, म्हणजे महिनाही झाला नव्हता, वहीत ३० आहे. सहाव्या आठवड्यात १०. दहा! २००६ नंतर दहा कधी लिहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी मुद्दाम मोठ्या नारळाची करवंटी खवणीवर धरून बसले. डावं पान: एकाला साडेनऊ हजार, महिन्याला १९,०००. चौदा महिन्यांचे २,६६,०००. मुलीच्या नावाची एक एफडी त्यात मोडली, तिनेच मोडायला लावली.

तर तुझा हिशेब. मेथोट्रेक्सेटने मला १५० मिनिटं परत दिली, २०० रुपयांत. इंजेक्शनाने १४० परत दिली, १९ हजारांत. ३६ पट सोड, दीडपटही नाही. पण २०१८ साली ती १४० मिनिटं मला कुठल्याच गोळ्या देत नव्हत्या, आणि बोटांच्या आणखी दोन जोड्या घालवायची माझी तयारी नव्हती. म्हणून गेलेल्या पैशांचं मला वाईट वाटत नाही. २००७ मध्येच कुणी ते इंजेक्शन गळ्यात मारलं असतं तर वाईट वाटलं असतं.

मार्च २०२० मध्ये टाळं लागलं सगळ्याला. तेव्हा मजा बघ, महिन्याला १९ हजारांचं इंजेक्शन मिळत होतं आणि सात-आठ रुपयांची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळत नव्हती. करोनावर चालते म्हणून जगभर बोभाटा झाला, आपल्या सरकारने निर्यात थांबवली, चिठ्ठीचे नियम कडक केले, तरी ठाकूरद्वारपासून ऑपेरा हाऊसपर्यंत एक स्ट्रिप नाही. शेवटी चौथ्या दुकानदाराने माझी जुनी केईएमची फाइल बघून दोन दिल्या. इंजेक्शनांतलं अंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाढवत नेलं आणि त्या दिवाळीला थांबवलं. माझं निभावलं. सगळ्यांचं निभावतं असं नाही, थांबवल्यावर दुखणं उलटलेली दोन माणसं माझ्याच ओळखीची आहेत. आज तिन्ही गोळ्यांवर आहे, फक्त मेथोट्रेक्सेट इंजेक्शनातून. काल ३५ मिनिटं.

टोफासिटिनिबचं मीही विचारलं होतं, स्वस्त आणि टोचायला नको म्हणून. डॉक्टरांनी माझं वय आणि बीपी बघून नको म्हटलं. २०२२ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. पन्नाशीच्या पुढचे आणि हृदयविकाराचा निदान एक धोका असलेले चार हजारांवर रुग्ण, चारेक वर्षं पाहिलेले. टोफा घेणाऱ्यांत हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक वगैरे १०० मागे ३.४, इंजेक्शनवाल्यांत २.५. कॅन्सर ४.२ आणि २.९. फरक आकड्यात लहान दिसतो, पण सोसायचा आपल्याला असतो. तरुण माणसाला आणि ज्याला असे धोके नाहीत त्याला हीच गोळी चांगली बसू शकते. तुझ्या आईला मधुमेह, बीपी आहे का ते तू लिहिलं नाहीस.

पुड्यांचं. आठ दिवसांत सूज उतरवणारं एकच औषध मला माहीत आहे, स्टेरॉइड. मलाही दिलं होतं, पण किती आणि कधीपर्यंत ते डॉक्टरांच्या कागदावर होतं. पुडीत काय आणि किती ते कुठे लिहिलेलं असतं? आमच्या वाडीतल्या एका बाईंचा चेहरा अशा पुड्यांनी पुरीसारखा फुगला आणि साखर ४०० वर गेली. पुड्या एकदम बंद केल्या तर तेही धोक्याचं. आईने सुरू केल्या असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

डॉक्टरांना इतकं विचार की मेथोट्रेक्सेट १५ वरच का थांबलंय. गोळी १५ च्या पुढे पोटातून नीट शोषली जात नाही, मात्रा वाढवायची तर इंजेक्शन देतात, आणि ते काही महाग नसतं. सल्फासॅलाझीन जोडून बघायला हरकत आहे का तेही विचार. हरकत असू शकेल, त्यांनी आईचे सांधे पाहिलेत, मी पाहिलेले नाहीत.

आणि हे सगळं करायच्या आधी माझं एक काम कर. आईच्या मेथोट्रेक्सेटचा वार कोणता ते बघ. गेल्या वर्षभराची केमिस्टची बिलं काढ. वर्षाचे ५२ आठवडे, तेव्हा ५२ गोळ्या. किती विकत आल्या आणि डब्यात किती उरल्यात, मोज. आईला आधी विचारू नकोस. आधी मोज.

मुलुंडचा_विमावाला

मेडिक्लेमचं कुणी बोललं नाही म्हणून. औषधाच्या दुकानातून आणलेलं आणि घरी टोचलेलं इंजेक्शन साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही, ते ओपीडीत मोडतं. पण विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत आधुनिक उपचारांची बारांची यादी आहे, तिच्यात इंजेक्शनाने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत, अ‍ॅडालिमुमॅब त्याच जातीचं. त्या नियमांनुसार हे उपचार वगळता येत नाहीत, मर्यादा मात्र घालता येते. त्यामुळे हॉस्पिटलात भरती करून किंवा डे-केअरमध्ये सलाइनमधून देतात त्या औषधांचा, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅबचा क्लेम मिळण्याची शक्यता बरी. पॉलिसीच्या कागदात मॉडर्न ट्रीटमेंट असं पान शोधा. आणि संधिवात पॉलिसी घेण्याआधीचा असेल तर प्रतीक्षा काळ संपलाय का बघा. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांना, फोन करताना औषधाचं नाव सांगा, आजाराचं नुसतं नको.

दादरकर_७१

वहीवाल्या ताई, आमच्या सौ.ने तुमचं पूर्ण वाचलं, दोनदा. तिने आज फेरी दोन केल्या आणि ग्लुकोसामाइन संपलं की परत आणू नका म्हणाली. अठरा रुपये वाचले, केमिस्टसाहेब, माफ करा.

निनाद_भांडुप

चार दिवसांनी लिहितोय, कारण लिहायची लाज वाटत होती.

काकू, मोजलं. बिलं सगळी माझ्याच फोनमध्ये होती, औषधं मीच आणतो. नोव्हेंबर ते नोव्हेंबर चार स्ट्रिपा, दहाच्या. ४० गोळ्या. आईच्या स्टीलच्या डब्यात १३ निघाल्या. ५२ पैकी २७.

वार गुरुवार. आणि गुरुवारी आईचा उपास असतो, मी शाळेत असल्यापासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं दुपारी जेवल्यावर घ्या. गुरुवारी दुपारी ती जेवतच नाही. सुरुवातीला साबुदाण्यावर घ्यायची, तर शुक्रवारभर मळमळ. मग शुक्रवारी घेऊ म्हणायची, आणि शुक्रवारी मळमळीच्या धास्तीने राहून जायची. मी विचारलं, डॉक्टर दर वेळी विचारतात ना? ती म्हणाली, ते विचारतात गोळ्या चालू आहेत ना, मी हो म्हणते, चालूच आहेत की. पहिल्या वर्षी बाबा कामावरून आल्यावर रात्री द्यायचे. ते निवृत्त झाले आणि तिने स्वतः घ्यायला सुरुवात केली. दीड वर्षापूर्वी. मी पुढचं काही बोललो नाही.

काल डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट स्वतःच्याच कागदावर बराच वेळ बघत बसले. मेथोट्रेक्सेट १५ आता इंजेक्शनातून, मळमळ त्याने कमी होईल म्हणाले, शनिवारी रात्री जेवणानंतर. शनिवार सोडून बाकी दिवस फॉलिक अ‍ॅसिड. सल्फासॅलाझीन हळूहळू चढवत नेणार. महिन्याने रक्त. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असताना डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो, तो राहिला होता, तो तपासून घ्यायचा. मांटू आणि एक्स-रे आत्ताच करून ठेवायचे, म्हणजे फेब्रुवारीत गुण नसेल तर इंजेक्शनाला वेळ जायला नको. साखर आहे आईला, काकू, ते लिहायचं राहिलं होतं. टोफा त्यांनी खोडलं.

रक्ततपासणी सोडून महिन्याचा खर्च अंदाजे १,४०० येईल. पुड्यांचं पाकीट घरात आलं होतं, उघडलेलं नव्हतं. नेऊन डॉक्टरांना दाखवलं.

आईला वही आणून दिली. पहिल्या पानावर तिने १३० लिहिलंय, आणि खाली श्री.

वहीवाली

निनाद, लाज कसली. माझ्या २००९ च्या वहीत सलग पाच आठवडे कोरे आहेत, तेव्हा मला कुणी मोजलं नव्हतं. आईला ओरडला नाहीस ना? ओरडू नकोस. उपास सोडायलाही सांगू नकोस, मार्गशीर्षातले गुरुवार आलेच आहेत, औषधाचा वार हलवणं सोपं. बाबांना पुन्हा औषधाच्या डब्याची चावी दे, पोळ्यांपेक्षा ते काम त्यांना बरं जमत होतं.

शनिवार ठीक आहे. पण शनिवारचा मारुतीचा उपास नाही ना करत ती? विचारून घे.

निनाद_भांडुप

विचारलं. डॉक्टरांना फोन करून रविवार केला.